तुरुंगातल्या हालांसाठी कोर्टात जाता येतं का? येतं, पण आधी आवक क्रमांक दाखवा

विचारणा थोडक्यात अशी आहे. एका ताईंचा धाकटा भाऊ १४ महिन्यांपासून एका मध्यवर्ती कारागृहात कच्चा कैदी आहे, म्हणजे त्याचा खटला अजून चालू आहे. ५० जणांच्या बॅरेकमध्ये १७० माणसं कोंबली आहेत. भावाला मधुमेह आहे, इन्सुलिन कधी मिळतं, कधी नाही. अंगभर खरूज झाली आहे. त्यानं तक्रार केली, तर दुसऱ्याच दिवशी त्याला वेगळ्या कोठडीत हलवलं आणि नऊ दिवस तिथेच ठेवलं. अमेरिकेत कैदी तुरुंगावर नागरी हक्कांचा दावा लावतात असं ताईंनी वाचलं आहे. आपल्याकडे तसं होतं का, कुठल्या कोर्टात, भरपाई मिळते का, आणि केस केली म्हणून आत त्याचे आणखी हाल झाले तर काय करायचं, हे त्यांचे प्रश्न.

ताई, आपल्याकडेही होतं. फक्त आपण त्याला दावा म्हणत नाही. घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात फौजदारी रिट याचिका करतो. पण माझ्याकडे असं कुणी घरचं माणूस आलं, की मी पहिला प्रश्न कायद्याचा विचारत नाही. विचारतो, "अर्ज दिला होता का? त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक, म्हणजे अर्ज पोचल्याचा कचेरीचा नंबर, आहे का?" बहुतेक जण म्हणतात, तोंडी सांगितलं होतं.

हा प्रश्न मी का विचारतो, ते माझ्या एका फजितीवरून सांगतो. वकिली नवी होती आणि अंगात जोर होता. एका कैद्याच्या आजारपणावर मी ४० पानांची याचिका लिहिली. 'अमानुष', 'नरकयातना', 'गुरांचा कोंडवाडा' असे शब्द पानोपानी पेरले होते. सुनावणीला सरकारी वकिलांनी तुरुंगाच्या दवाखान्याचं रजिस्टर पुढे ठेवलं. माझ्या अशिलाच्या नावासमोर चार महिन्यांत ११ नोंदी, ११ अंगठे. तपासलं, औषध दिलं. तपासलं, औषध दिलं. न्यायमूर्तींनी मला एवढंच विचारलं, यातली कुठली नोंद खोटी आहे, वकीलसाहेब? मला सांगता आलं नाही. मी अशिलाला तारखा विचारल्याच नव्हत्या. याचिका तिथल्या तिथे निकाली निघाली. तो माणूस खोटं बोलत होता असं मला आजही वाटत नाही. पण तुरुंगाकडे तारखा होत्या आणि आमच्याकडे विशेषणं होती.

तुम्ही अमेरिकेचं नाव काढलंत म्हणून सांगतो, तिथलाही या विषयातला सगळ्यात नावाजलेला खटला असाच आहे. टेक्सासच्या तुरुंगात १९७३ साली गॅम्बल नावाच्या कैद्याच्या अंगावर काम करताना कापसाची गाठ पडली आणि पाठ धरली. त्यानं तुरुंगातूनच दावा लावला. १९७६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तत्त्व घालून दिलं, की कैद्याच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं ही घटनेनं मना केलेली क्रूर शिक्षाच आहे. आजही तिथले वकील या निकालाशिवाय पान हलवत नाहीत. पण गॅम्बलच्या हाती काही लागलं नाही. तीन महिन्यांत तुरुंगातल्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी त्याला १७ वेळा तपासलं होतं. फार तर उपचार चुकले म्हणा, दुर्लक्ष म्हणता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं. शिवाय १९९६ पासून तिथे असा कायदा आहे, की तुरुंगाच्या आतल्या तक्रारीच्या सगळ्या पायऱ्या, त्यांच्या मुदतींसकट, चढल्याशिवाय कैद्याला दावाच लावता येत नाही. आपल्याकडे इतकी कडक अट नाही. तरी न्यायमूर्ती विचारतातच, आधी कुणाला कळवलं होतं?

हक्काबद्दल मात्र मनात शंका ठेवू नका. तो वाद आपल्याकडे केव्हाच मिटला आहे, आणि त्याची सुरुवात एका मराठी हस्तलिखितानं झाली. प्रभाकर संझगिरी १९६२ च्या भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. आत बसून त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानाचं पुस्तक लिहिलं आणि छापण्यासाठी ते बाहेर पाठवायची परवानगी मागितली. सरकारनं नकार दिला. उच्च न्यायालयात सरकार हरलं, मग सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेलं आणि १९६५ साली तिथेही हरलं. नियमांनी जेवढं स्वातंत्र्य काढून घेतलं असेल तेवढंच गेलं, बाकीचं त्या माणसाकडेच राहतं, हे तेव्हा ठरलं. अणूच्या पुस्तकानं देशाच्या संरक्षणाला धोका पोचतो, असं सरकारनं कुठल्या तोंडानं मांडलं असेल, कोण जाणे.

पुढे १९७८ साली तिहारमधल्या सुनील बत्राच्या खटल्यात एकांत कोठडीचा प्रश्न आला, आणि त्याच निकालात चार्ल्स शोभराजच्या बेड्यांचाही. त्याच बत्रानं नंतर सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. पैशांसाठी एका वॉर्डरनं दुसऱ्या कैद्याचा कसा छळ केला, ते त्यात होतं. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं. १९८३ साली मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या बायकांच्या हालांवर पत्रकार शीला बर्से यांनी पाठवलेलं पत्रही असंच याचिका झालं. म्हणजे तुमच्या भावानं साध्या कागदावर मराठीत लिहिलं तरी चालतं. वकील हवाच असं नाही, आणि हवा असेल तर कोठडीतल्या माणसाला तो फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात कोठडीतली व्यक्ती हा वेगळा प्रवर्गच आहे, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना भेटा, किंवा १५१०० वर फोन करा.

आता तुमच्या भावाकडे येतो. मी असतो तर उच्च न्यायालयात आधी गेलोच नसतो. कच्चा कैदी तुरुंगाच्या ताब्यात दिसतो, पण तो असतो कोर्टाच्या ताब्यात. कोठडीला न्यायालयीन म्हणतात ते उगीच नाही. ज्या कोर्टात त्याचा खटला आहे, तिथेच पहिला अर्ज द्यायचा. तो न्यायाधीश तुरुंगाच्या अधीक्षकाकडून अहवाल मागवू शकतो, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणीचा हुकूम देऊ शकतो, घरून औषध द्यायची मुभा देऊ शकतो. उच्च न्यायालयात आठवडे जातात, इथे दोन-चार दिवसांत काहीतरी लेखी हातात पडतं. आणि तुरुंगानं हा हुकूम पाळला नाही, तर तुमची रिट याचिका आपोआप दुप्पट वजनाची होते.

अर्जात 'वैद्यकीय सुविधा पुरवाव्यात' असं लिहू नका. त्यावर 'सुविधा उपलब्ध आहेत' असं उत्तर येतं आणि विषय संपतो. इन्सुलिनचंच घ्या. कैद्याला सुई-सिरिंज जवळ ठेवू देत नाहीत, ते समजण्यासारखं आहे. म्हणजे इंजेक्शन दवाखान्यात, कंपाउंडरच्या वेळेवर. आणि आपल्या तुरुंगांत रात्रीचं जेवण दुपार कलताच, चार-पाचच्या सुमाराला वाटतात, कारण सूर्य मावळायच्या आत गिनती करून सगळ्यांना बॅरेकमध्ये बंद करायचं असतं. इंजेक्शन दुपारी दोनला आणि भाकरी पाचला, किंवा इंजेक्शन घेतलं आणि त्यानंतर सकाळपर्यंत पोटात काही नाही, असं झालं तर साखर इतकी खाली येते, की बंद बॅरेकमध्ये माणूस दगावू शकतो. म्हणून मागणी अशी लिहा: डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळीच इन्सुलिन, त्यानंतर अर्ध्या तासात जेवण, रात्रीसाठी जवळ काही खाणं ठेवायची परवानगी, आठवड्यातून अमुक इतक्या वेळा साखरेची तपासणी आणि तिचा आकडा त्याच्या कागदावर. हे एखाद्या चांगल्या डॉक्टरकडून चिठ्ठीवर लिहून घेऊन जोडा. अशा मागणीला 'उपलब्ध आहे' हे उत्तर चालत नाही. वेळ पाळली की नाही, एवढंच सांगावं लागतं.

खरजेचंही तसंच. एकट्याला मलम दिलं तर १५ दिवसांत पुन्हा होते, कारण शेजारी झोपणाऱ्याच्या अंगावर ती असतेच. मागायचं ते सगळ्या बॅरेकवर एकाच वेळी उपचार आणि चादरी-कपडे गरम पाण्यातून काढणं. एका माणसाच्या अर्जावर १७० जणांचं काम होतं, आणि अधिकाऱ्यांनाही हे मनातून हवंच असतं, कारण शिपाईसुद्धा तीच खरूज घरी नेतात.

गर्दी हा सगळ्यात उघड अन्याय आणि कोर्टात सगळ्यात अवघड मुद्दा. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत बॅरेकमध्ये दर माणशी ३.७१ चौरस मीटर जागा धरली आहे. म्हणजे साधारण ४० चौरस फूट. या हिशोबानं ५० जणांची बॅरेक २,००० चौरस फुटांची असेल, तर १७० जणांत प्रत्येकाच्या वाट्याला १२ चौरस फूटही येत नाहीत. सहा फूट लांब, दोन फूट रुंद. त्यात माणूस कुशीवरच झोपू शकतो, आणि संडासला उठला तर परत आल्यावर जागा शोधत बसतो. हा हिशोब याचिकेत जरूर घाला. पण एका कैद्याच्या याचिकेवर कोर्ट नवी बॅरेक बांधून देत नाही, हेही मनाशी धरा. माजी सरन्यायाधीश लाहोटी यांनी २०१३ साली लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयानं देशातल्या १,३८२ तुरुंगांचा विषय हाती घेतला. २०१६ आणि २०१७ साली मोठे आदेश झाले. समित्या नेमल्या गेल्या. आणि तरी तुमचा भाऊ आज कुशीवर झोपतो. म्हणून गर्दीचा आकडा मी मुख्य मागणी करत नाही. तो जामिनासाठी वापरतो.

जामिनाचं एका परिच्छेदात उरकतो, कारण ते वेगळं प्रकरण आहे, पण गाळून चालणार नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या निम्मा काळ काढला असेल, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश, तर त्याची सुटका व्हायला हवी. जन्मठेपेच्या किंवा फाशीच्या गुन्ह्याला हे लागू नाही, आणि एकाहून जास्त प्रकरणं चालू असतील तरी नाही. समजा कमाल शिक्षा तीन वर्षांची आहे आणि गुन्हा पहिला आहे, तर १४ महिन्यांत त्याची मुदत उलटूनही गेली. अधीक्षकानं स्वतःहून कोर्टाला कळवायचं असतं. कळवलं का, ते लेखी विचारा. आजारी माणसाला जामीन देताना कोर्टाला थोडं सैल सोडता येतं, तेही त्याच संहितेत आहे. पुष्कळदा घरचे लोक तुरुंगाच्या हालांवर लढत बसतात आणि दार उघडंच असतं.

आता ते नऊ दिवस. ताई, माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रकरणात हाच मुद्दा पक्का आहे, आणि तुम्ही तो एका ओळीत सांगून पुढे गेलात. १८९४ च्या तुरुंग अधिनियमापासून नियम असा, की कैद्याला आतल्या शिस्तभंगाची शिक्षा दिली तर ती शिक्षा-रजिस्टरात चढवायची: कोण, काय केलं, कधी, कुठली शिक्षा. कोठडीत २४ तासांहून अधिक ठेवलं तर डॉक्टरनं रोज भेट द्यायची. त्यामुळे रजिस्टर मागवलं की तुरुंगापुढे दोनच वाटा उरतात. नोंद नसेल, तर मग कशाच्या जोरावर ठेवलं? नोंद असेल, तर तिची तारीख त्याच्या तक्रारीच्या तारखेशेजारी ठेवायची आणि गप्प बसायचं. 'त्याच्याच सुरक्षिततेसाठी ठेवलं' असं उत्तर येईल, येतंच. मग सुरक्षिततेचा लेखी आदेश दाखवा म्हणायचं. १९७९ च्या डिसेंबरात, बत्राच्या पत्रावरच्या निकालात, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं, की एकांत कोठडी, सवलती बंद करणं, शिक्षेसारखी बदली यांपैकी काहीही सत्र न्यायाधीशांच्या नजरेखालून गेल्याशिवाय करायचं नाही, आणि घाईत करावंच लागलं तर दोन दिवसांत त्यांना कळवायचं. कळवलं होतं का? हा एवढासा प्रश्न मी दोन प्रकरणांत विचारला आहे आणि दोन्ही वेळा सरकारी वकिलांनी मुदत मागून घेतली.

यातच तुमच्या भीतीचं अर्धं उत्तर आलं. उरलेलं अर्धं बदलीचं. केस केली की 'प्रशासकीय कारणास्तव' माणूस मुंबईहून नागपूरला जातो, आणि घरच्यांची मुलाकात तुटते. पक्क्या कैद्याच्या बाबतीत सरकारचा हात मोकळा असतो. कच्च्याच्या बाबतीत तसं नाही. आर्थर रोडमधल्या बॉम्बस्फोट खटल्यातल्या आरोपींना २००८ साली दुसऱ्या तुरुंगांत हलवलं, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१२ साली ठरलं, की ज्या कोर्टानं कोठडी दिली त्याच्या परवानगीवाचून कच्च्या कैद्याचा तुरुंग बदलता येत नाही, आणि परवानगी देताना कोर्टानं डोकं चालवायचं, नुसता शिक्का मारायचा नाही. पहिल्याच अर्जात एक ओळ घाला, की या अर्जानंतर बदली करायची झाल्यास आधी आमचं म्हणणं ऐकावं.

बारीकसारीक छळ मात्र कुठल्याही निकालानं थांबत नाही. झडतीत सामान विस्कटतं, कॅन्टीनची मनी ऑर्डर 'आली नाही' होते, मुलाकातीला तासभर उशीर होतो. खोटा धीर देत नाही, हे होतं. पण ज्याचं नाव कोर्टाच्या फायलीत आहे, त्याला मारहाण सहसा होत नाही. बळी पडणारा बहुधा तो, ज्याच्यासाठी बाहेर कुणी विचारणारं नाही. २०१७ साली भायखळ्याच्या महिला कारागृहात मंजुळा शेट्ये यांचा मृत्यू झाला. अंडी-पावाच्या हिशोबावरून कर्मचाऱ्यांनी मारहाण केल्याचा आरोप होता आणि सहा जणींवर खटला झाला. तेव्हाही आतल्या बायका बोलल्या म्हणून प्रकरण बाहेर आलं.

भरपाईबद्दल. मिळते, पण ती पहिली मागणी करू नका. बिहारमधला रुदुल साह निर्दोष सुटूनही १४ वर्षं तुरुंगात राहिला. १९८३ साली त्याला सगळे मिळून ३५,००० रुपये मिळाले. ओडिशात कोठडीत मेलेल्या मुलाच्या आईला, नीलाबती बेहेरा यांना, १९९३ साली दीड लाख. रिट याचिकेत पैसे मिळतात ते जिथे हक्क मोडल्याचं कागदावरच स्वच्छ दिसतं तिथे. साक्षीपुरावे लागणार असतील तर कोर्ट म्हणतं, दिवाणी दावा लावा. त्यासाठी सरकारला आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि बेकायदा डांबून ठेवल्याच्या भरपाईला मुदत एकच वर्ष आहे. तुमच्या नऊ दिवसांचं वर्ष कधी भरतं ते कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा. मानवी हक्क आयोगाकडेही जाता येतं, तिथेही घटनेपासून एक वर्ष. आयोग शिफारस करतो, हुकूम नाही, पण त्याच्या चौकशीत कागद बाहेर पडतात.

कागद मिळवायचे कसे? तुरुंगाच्या गेटवर अर्ज हातोहात दिला तर पोच मागा. देत नसतील तर रजिस्टर टपालानं अधीक्षकांना, प्रत जिल्हा न्यायाधीशांना. माहितीच्या अधिकारात जीविताशी आणि स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यायची असते. मात्र भावाच्या दवाखान्याच्या नोंदी त्याच्याच सहीच्या अर्जानं मागा, नाहीतर 'वैयक्तिक माहिती' म्हणून परत येतील. बाहेरच्या हॉस्पिटलची तारीख चुकली असेल तर कारण बहुधा एकच असतं, पोलीस गार्ड मिळाला नाही. तुरुंगानं गार्ड कधी मागितला आणि पोलीस मुख्यालयानं काय उत्तर दिलं, तो पत्रव्यवहार मागा. तुरुंग आणि पोलीस तिथे एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि ते बोट दाखवणं लेखी असतं.

पुढच्या मुलाकातीला भावाला एक वही द्या म्हणणार होतो, पण ती आत जाईल याचा भरवसा नाही. त्यापेक्षा तुम्हीच वही ठेवा. दर भेटीत तीनच गोष्टी विचारा: कुठल्या दिवशी इंजेक्शन मिळालं नाही, कोण ड्युटीवर होतं, शेजारी कोण होतं. घरी आल्यावर त्याच दिवशी लिहून काढा, खाली तारीख घाला. आणि त्याची पुढची तारीख व्हिडिओवरून असेल तर त्याला सांगा, की स्क्रीनवर चेहरा दिसला की हात वर करून मोठ्यानं म्हणायचं, "साहेब, मला इन्सुलिन मिळत नाही." वकिलांनी लगेच उभं राहून हे रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, घेण्याची विनंती करायची. रोजनाम्याची प्रमाणित प्रत मिळाली की मला दाखवा, मग याचिकेचं बोलू. ती मुंबईत करायची की नागपूर, संभाजीनगर, गोवा, किंवा २०२५ पासून सुरू झालेल्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचमध्ये, ते तुरुंग कुठल्या जिल्ह्यात आहे त्यावरून ठरेल.